पोरांना घेऊन मलावीला जाऊ का?

मैत्रिणींनो, या आठवड्यात पत्रांचा ढीग आहे. लोणच्याला बुरशी का येते इथपासून जावेशी धरलेला अबोला कसा मोडावा इथपर्यंत सगळं आहे त्यात. ती पत्रं पुढच्या खेपेला घेईन. आज सगळी जागा एकाच पत्राला देतेय, कारण त्याचं उत्तर दोन ओळींत बसणारं नाही. खरं सांगायचं तर ते लिहिणं मलाही सोपं जात नाहीये.

पत्र साताऱ्याहून आलंय. लिहिणारी म्हणते:

“ताई, माझ्या यजमानांना एका संस्थेतर्फे सहा महिन्यांसाठी आफ्रिकेतल्या मलावी देशात पाणीपुरवठ्याच्या कामाला जायचं आहे. मे महिन्यात निघायचं. संस्था म्हणते, कुटुंब आणलंत तरी चालेल, आणि वहिनींनी गावातल्या बालवाडीत मदत केली तर बरंच होईल. लग्नाआधी तीन वर्षं मी बालवाडी चालवली आहे, त्यामुळे फार इच्छा आहे. पण त्या भागात एचआयव्हीचं प्रमाण पुष्कळ आहे. बालवाडीतल्या कित्येक मुलांच्या घरी ते दुखणं आहे, काहींचे आईवडील त्यातच गेले. माझी मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा, अजून अंगावर पितो. सासूबाईंनी अन्नपाणी सोडायचं तेवढं बाकी ठेवलंय. ‘तुला जायचं तर जा, पोरांना त्या रोगात नेऊ देणार नाही,’ म्हणतात. हे म्हणतात, तू ठरव. आई म्हणते, सासूबाईंचं ऐक. मी कुणाचं ऐकू? आणि गेलेच तर पोरांना कसं जपू?”

साताऱ्याच्या मुली, तू माझ्या लेकीच्या वयाची दिसतेस, म्हणून एकेरीच लिहिते, राग मानू नकोस. तुझं पत्र मी चार दिवस उशाशी ठेवलं होतं. कारण २००७ साली मी त्याच देशात, झोम्बा नावाच्या डोंगरपायथ्याच्या गावी आठ महिने राहिलेय. आमच्या यजमानांना तिथे शिकवायचं काम मिळालं होतं. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. माझ्याही सासूबाई तेव्हा रुसून देवघरात बसल्या होत्या. आणि मीही तिथल्या एका बालवाडीत जात होते. तेव्हा हे उत्तर पुस्तकातलं नाही. त्यात माझ्या दोन चुका आहेत, त्या तुझ्या उपयोगी पडाव्यात म्हणून सांगणार आहे.

आधी सासूबाई. त्यांना हसू नकोस गं. आपल्याकडे हा रोग पहिल्यांदा सापडला १९८६ साली, चेन्नईला. पुढची कितीतरी वर्षं भिंतीवर कवटी आणि हाडं काढलेली चित्रं बघून आपण सगळ्यांनीच तो शिकला. त्या भीतीनं शहाणी माणसंसुद्धा शेजाऱ्याच्या घरचा चहा टाळायची. सासूबाईंच्या मनात तेच चित्र अजून आहे. त्यांना ‘तुम्हाला काही कळत नाही’ म्हणालीस तर त्या आणखी हट्टाला पेटतील. त्यापेक्षा त्यांना जवळ बसवून पुढचा भाग मोठ्यानं वाचून दाखव.

एचआयव्हीचा जंतू माणसाच्या रक्तात, स्त्री-पुरुष संबंधातल्या स्रावांत आणि आईच्या दुधात असतो. थुंकीतून, घामातून, डोळ्यांतल्या पाण्यातून तो दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्यानं, एका खेळण्यानं खेळल्यानं, कडेवर घेतल्यानं, मुका घेतल्यानं लागत नाही. डास चावल्यानंही लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्या सासूबाईंचा शेवटचा प्रश्न तोच होता. तिथे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा करतात, ‘न्सिमा’ म्हणतात त्याला, आणि पोरं एका थाळीभोवती बसून हातानंच खातात. तुझी मुलं त्या थाळीत हात घालतील. घालू दे. आधी हात मात्र धुऊन घे, ते जुलाबासाठी.

आणखी एक सांगायचं. तू ज्या रोगाचं नाव ऐकून आहेस तो रोग आता तसा राहिलेला नाही. मी गेले तेव्हा मलावीत शंभर मोठ्या माणसांत बाराएक जणांना तो होता. पण २००४ पासून सरकारनं औषध फुकट द्यायला सुरुवात केली होती, आणि ते औषध कुठलं म्हणशील? दवाखान्यातल्या बाईंनी मला गोळ्यांची डबी दाखवली, तीवर सिप्लाचं नाव! मुंबईची कंपनी. २००१ साली याच कंपनीनं सेवाभावी संस्थांना तीन औषधांचा वर्षाचा साठा ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली होती. त्याआधी पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. त्या बाई मला म्हणाल्या, ‘तुमच्या देशातून येतात.’ परक्या मुलखात एवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचाच वाटला नसेल. त्या जुन्या गोळीनं लोकांचे तळपाय जळायचे आणि गाल बसायचे. आता तीही गेली. आता दिवसाला एक गोळी, तिचा त्रास बराच कमी. लहान मुलांसाठी तर पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी निघालीय. गोळी रोज घेतली की रक्तातला जंतू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि मग संबंधांतूनही तो दुसऱ्याला लागत नाही. २०२०-२१ साली मलावीत मोठी पाहणी झाली. तीत औषध घेणाऱ्या मोठ्या माणसांपैकी शंभरात ९७ जणांचा जंतू असा दबलेला होता. गरोदर आणि पाजणाऱ्या प्रत्येक बाधित बाईला जन्मभर औषध द्यायचं, असं २०११ साली जगात पहिल्यांदा ठरवलं ते या गरीब देशानं.

आता दुधाचं. तुझा मुलगा अंगावर पितो, तर पिऊ दे, प्रवासात त्याच्यासारखं सुरक्षित दुसरं काही नाही. पण तुझं दूध त्यालाच. तिथे बायका फार मायाळू आहेत, पोर रडलं की कौतुकानं कुणीही छातीशी धरेल. हसून आपल्याकडे घ्यायचं. तूही दुसऱ्याचं मूल पाजायला घेऊ नकोस. आणि ज्या बाईला हे दुखणं आहे असं तुला कळलं तीच बाळाला पाजताना दिसली तर डोळे मोठे करू नकोस. ती औषध घेत असते आणि तिला पाजायला डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं.

मग जपायचं कशापासून? हिवतापापासून! मलावीत पोरांच्या जिवावर उठतो तो डास. मे ते ऑक्टोबर कोरडा काळ, म्हणजे तुमची वेळ त्यातल्या त्यात बरी आहे, पण ताप बारमाही असतो. मुलांच्या वजनाप्रमाणे प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून निघायच्या आधीच घे. कधी सुरू करायच्या आणि परत आल्यावर किती दिवस चालू ठेवायच्या, ते लिहूनच घे. औषध लावलेली मच्छरदाणी रोज, दिवेलागणीपासून अंगभर कपडे. आणि मुलाला ताप आला तर ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. परत आल्यावर दोनतीन महिन्यांनी जरी ताप आला तरी साताऱ्याच्या डॉक्टरांना ‘आम्ही मलावीत होतो’ हे पहिलं वाक्य सांगायचं.

मलावीचं तळं समुद्रासारखं सुंदर आहे, पण लव्हाळ्याच्या उथळ काठाला पोरांना डुंबू देऊ नकोस. तिथल्या गोगलगायींमुळे पाण्यात एक जंत असतो, तो कातडीतून शिरतो. क्षयरोग एचआयव्हीच्या पाठीला पाठ लावून येतो, म्हणून बीसीजी आणि बाकीच्या लशी पुऱ्या झाल्यात ना बघ, आणि कोंदट खोलीपेक्षा झाडाखाली बस. कुत्रं चावलं तर लगेच लस. विमान बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीला बदलावं लागेल, तेव्हा परतताना आपल्या विमानतळावर पिवळ्या तापाचा दाखला विचारू शकतात. ती लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दहा दिवसांनी लागू धरतात, म्हणून आदल्या आठवड्याला टाकू नकोस. आणि हो, स्वेटर ने. आफ्रिका म्हटल्यावर मी पोरांचे नुसते सुती कपडे नेले होते, आणि जून-जुलैत झोम्ब्याच्या डोंगरावर दात वाजायची वेळ आली.

हे झालं जपण्याचं. आता माझी पहिली चूक.

वर लिहिलेलं सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं. मला ते पाठ होतं. बालवाडी म्हणजे चार खांबांवर गवताचं छप्पर, साठसत्तर पोरं, आणि गावातल्याच तीन बायका, बिनपगारी. आया पाळी लावून मका-सोयाबीनची पेज शिजवायच्या, ‘फाला’ म्हणतात तिला. कित्येक पोरांना ती दिवसातली पहिली खायची गोष्ट. माझा मुलगा शाळा सुटली की तिथेच प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून केलेला चेंडू खेळायचा. एकदा तो आणि त्याच्याच वयाचा एक मुलगा धावताना समोरासमोर धडकले. माझ्या मुलाची भुवई फुटली, त्या मुलाच्या नाकातून रक्ताची धार. मी किंचाळले. धावत जाऊन माझ्या पोराला हिसकावून उचललं, त्या दुसऱ्याला हातानं मागे लोटलं आणि पळत सुटले ती थेट दवाखान्यात. तो मुलगा तिथेच उभा, नाक गळतंय, आणि माझ्याकडे बघतोय. त्याचं नाक पुसलं बालवाडीच्या बाईंनी.

दवाखान्यात त्यांनी शांतपणे सगळं विचारलं. कुणाचं रक्त कुठे लागलं, जखमेत गेलं का. भुवई साबणपाण्यानं धुतली, दोन टाके घातले आणि काळजीचं कारण नाही, औषधाची गरज नाही म्हणाले. सुई टोचण्यासारखं खरोखरच काही घडलं तर ७२ तासांच्या आत सुरू करायचं औषध असतं, तेही तेव्हाच कळलं. तू ते दवाखान्याच्या नावासकट लिहून ठेव. रक्त आलं तर करायचं इतकंच. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालायची, फडकं दाबून धरायचं, जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवायची, पट्टी बांधायची. आणि हे प्रत्येक मुलाला सारखंच करायचं, आपल्या पोराला एक आणि दुसऱ्याला एक असं नाही. कारण कुणाला रोग आहे हे आपल्याला माहीत नसतं.

त्या मुलाला होता की नव्हता, मला आजतागायत माहीत नाही. विचारायचा मला अधिकारही नव्हता. पण मी जे केलं त्यानं मला काय वाटलं ते साऱ्या गावाला कळलं. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा माझ्या मुलापासून चार हात लांब उभा राहायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. शेवटी साखर आणि मीठ घेऊन मी त्याच्या आजीकडे गेले, तिथल्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून बसले आणि चुकले म्हणाले. आजी, तिकडे ‘आगोगो’ म्हणतात, त्यांनी दोन्ही हातांनी साखर घेतली, बसायला चटई दिली, शेंगा दिल्या. रागाचा शब्द नाही. पण पोरांचा खेळ पुन्हा जमायला महिना गेला. मुली, तुझ्या हातून असं एकदा होईल. आईचं काळीज आहे, ते पाठांतर ऐकत नाही. म्हणून मी तुला सांगते, जाण्याआधी घरीच दोनदा तालीम कर, दुसऱ्याचं मूल पडलंय, रक्त आलंय, मी आधी काय उचलणार. हसू येईल, तरी कर.

दुसरी चूक मला चूक वाटलीच नव्हती. उलट तिचं मला कौतुक वाटायचं.

बालवाडीत एका मुलाबरोबर त्याची अडीच वर्षांची बहीण यायची. आई गेलेली, बाप कामाला दूर, दोघं आगोगोंजवळ. पहिल्याच दिवशी ती पोर धावत आली आणि माझ्या मांडीत बसली. ओळख ना देख! मला भरून आलं. मी म्हटलं, बघा, पोरांना माया किती लवकर कळते. पुढे रोज ती माझ्या मांडीतच. पेज माझ्या हातची, झोप माझ्या खांद्यावर. मी तिला फ्रॉक शिवले, तिच्या डोक्याला तेल लावलं. माझी मुलगी हट्ट करायला लागली, आणि तिचंही बरोबरच होतं. एकदा आगोगो घ्यायला आल्या तर पोर त्यांच्याकडे जाईना. त्या काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. बालवाडीच्या बाईंनी थोडं थांबून मला अर्थ सांगितला: ‘घरी माझ्या हातचं खात नाही आता.’ मी तेही कौतुकानंच घेतलं गं!

आठ महिन्यांनी आम्ही निघालो. मी पोरांना चणे-गूळ वाटले, डोळे पुसले, विमानात बसले. सहा महिन्यांनी बालवाडीच्या बाईंचं पत्र आलं. बाकी सगळी खुशाली होती. एकच ओळ त्या मुलीबद्दल. कुठलीही गाडी आली की ती रस्त्याच्या कडेला जाऊन बसते. मध्ये दुसऱ्या देशाची एक मुलगी तीन आठवड्यांसाठी मदतीला येऊन गेली, तिच्याही मांडीत ती अशीच बसायची.

पुढे २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन या दोघी संशोधक बायकांनी नेमकं याच विषयावर लिहिलं. एड्समुळे पोरक्या झालेल्या मुलांच्या संस्थांत परदेशी पाहुणे थोडे दिवस येतात, जीव लावतात आणि निघून जातात, त्यानं लहान मुलांचं नुकसान होतं, असं त्यांचं म्हणणं. ओळखदेख नसताना मूल धावत येऊन गळ्यात पडतं ते मायेचं लक्षण नव्हे, ते मूल फार वेळा सोडलं गेलंय याचं लक्षण असतं. अंगणवाडीतलं, आईचं बोट धरून येणारं मूल कसं अनोळखी बाई बघून पदराआड लपतं? ते निरोगी. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळलं नाही, भाताची पार पेज झाली.

ती मुलगी आता विशी ओलांडलेली बाई असेल. कदाचित मला विसरलीही असेल. विसरली असू दे.

तेव्हा तुझ्या पत्राला माझं उत्तर असं. तुझ्या मुलांसाठी म्हणून जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. डास आणि पाणी सांभाळलंस तर ती मजेत राहतील, चार शब्द चिचेवा भाषेचे शिकतील, चिखलात लोळतील. पण हो म्हणायच्या आधी संस्थेला विचार, तिथे आहे ते नेमकं काय आहे. पोरं संध्याकाळी आजीकडे, मावशीकडे घरी जातात अशी गावाची बालवाडी आहे, की पोरांना ठेवून घेणारा आश्रम? आश्रम असेल तर माझ्या मते जाऊ नकोस. पैसा आश्रमाला मिळतो म्हणून आजीजवळची पोरं आश्रमात जातात, हे जगभर दिसलंय. तिथल्या बहुतेक मुलांचं आईबापांतलं एक तरी जिवंत असतं. मॅडोना या प्रसिद्ध गायिकेनं २००६ साली मलावीतल्या अनाथाश्रमातून मूल दत्तक घ्यायला घेतलं तेव्हा त्या मुलाचे वडील हयात होते. ही काही चोरून केलेली गोष्ट नव्हती, तिथे गरीब माणूस पोर जगावं म्हणून आश्रमात ठेवतो. तेच पैसे आजीच्या हाती पडले तर पोर घरी राहतं.

बालवाडी असेल तर जरूर जा, पण मांडी रिकामी ठेव. पडलेल्या पोराला उचल, नाक पूस, गाणी म्हण, पण खाऊ घालायचं, निजवायचं, घरी पोचवायचं काम तिथल्या बाईंचं आणि आजीचं. पोर तुझ्याकडे धावत आलं तर हात धरून बाईंकडे ने. पहिले दिवस तुला कोरडं वाटेल. तू बालवाडी चालवलेली आहेस, तर तुझा खरा उपयोग त्या तीन बायकांना आहे. त्यांना विचार काय हवंय. मला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. नंतर कळलं की त्यांना पेजेच्या पिठाचा हिशेब नीट ठेवायची वही हवी होती, बिस्कुटांच्या पुठ्ठ्यांची चित्रं करायला कुणीतरी हवं होतं, आणि आळीपाळीनं एक दिवस सुट्टी हवी होती. ते सोडून मी फ्रॉक शिवत बसले होते.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत रोखली, त्याचा फटका मलावीतल्या एचआयव्हीच्या कामालाही बसला. त्यामुळे औषधाच्या आणि पैशांच्या बाबतीत लोक तुला काही विचारतील, परदेशातून आलेली म्हणजे हिच्या हाती काहीतरी असेल असं त्यांना वाटेल. कबूल काही करू नकोस. ‘बघते’ हा आपला शब्दसुद्धा तिथे वचन धरतात.

फोटो काढू नकोस. तुझ्या मुलांच्या शेजारी उभी असलेली पोरं घरच्या ग्रुपवर टाकलीस की ‘यातली कुठली आजारी?’ हा प्रश्न पहिला तुझ्या नणंदेचा येईल. लेकीला जाण्याआधी एवढंच सांग: काही जणांच्या रक्तात एक जंतू असतो, ते रोज गोळी घेतात आणि आपल्यासारखेच खेळतात, आणि कोण गोळी घेतं हे विचारायचं नसतं. पाच वर्षांच्या मुलीला ते समजतं. कारण तिथे तुझ्या लेकीएवढी कितीतरी मुलं अशी असतील, की ती रोज गोळी घेतात पण कशासाठी ते त्यांना अजून घरच्यांनी सांगितलेलं नाही. योग्य वयात आजी आणि दवाखान्याच्या बाई मिळून हळूहळू सांगतात. ते तुझ्या लेकीच्या तोंडून बाहेर पडायला नको.

आणि निघायच्या दिवसाबद्दल. महिनाभर आधीपासून पोरांना सांगायला लाग, की तू जाणार आहेस आणि बाई इथेच आहेत. ‘परत येईन’ म्हणू नकोस, येणार नसलीस तर.

तुमची जाण्याची तारीख लांबवून संस्थेनं पावसाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत जायला सांगितलं तर मात्र दोन वर्षांच्या पोराला घेऊन जाऊ नकोस. तेव्हा ताप जोरात असतो आणि रस्ते वाहून जातात. त्या वेळी यजमानांना एकट्यांना जाऊ दे. सासूबाईंचंही एवढं ऐकलंस तर त्यांना बरं वाटेल.

पत्राच्या शेवटी तू तळटीप घातलीस, की सासूबाई तयार झाल्याच तर डिंकाचे लाडू करून देणार म्हणतात, ते टिकतील का? टिकतील. मेमध्ये तिथे हवा थंड होत असते, पत्र्याच्या डब्यात कागद घालून महिनाभर काही होत नाही. डाळी, मेतकूट उगाच वाहून नेऊ नकोस, ब्लँटायरजवळ लिंबे म्हणून गाव आहे, तिथे गुजराती दुकानदार आहेत, तूरडाळ मिळते. लाडवांचा डबा मात्र बालवाडीत नेऊ नकोस. तुझी दोघं खाणार आणि साठ पोरं बघणार, असं नको. घरी आल्यावर द्यायचा. आणि सासूबाईंच्या हातचे शंभर लाडू नेणार असशील तर गोष्ट वेगळी, पण त्याआधी बालवाडीच्या बाईंना विचारून घे.